पोटातल्या धमनीचा रक्तस्राव : दोऱ्यापासून कॉईलपर्यंत

मुतखड्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी येतो आणि आठ-पंधरा दिवसांनी लघवी अचानक लालभडक होते. स्वादुपिंडाच्या सुजेतून सावरणाऱ्या रुग्णाला काळी, म्हणजे रक्त मिसळलेली शौच होते. दोन्ही वेळी स्युडोअ‍ॅन्युरिझमची शंका यायलाच हवी. धमनीला छिद्र पडून बाहेर आलेलं रक्त तिथेच साचतं, त्याची पिशवी होते. या पिशवीला धमनीची भिंत नसते, त्यामुळे ती कधीही फुटू शकते. स्वादुपिंडाच्या आजारात त्याचेच पाचकरस शेजारची धमनी कुरतडतात, बहुतेकदा पाणथरीची.

उपायामागचं तत्त्व फार जुनं आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक शल्यचिकित्सक अँटिलस फुगलेली धमनी वरून आणि खालून, दोन्हीकडे बांधत असे. पोटात तर हे फारच गरजेचं, कारण तिथल्या कित्येक धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एक बाजू बंद केली तरी रक्त मागून येतं. पण त्यासाठी पोट उघडावं लागे, तेही रक्त वाहत असताना, सुजून चिकटलेल्या अवयवांमधून वाट काढत.

ही वाट स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी बदलली. १९५३ साली त्यांनी दाखवलं, की सुईतून तार धमनीत सोडून, सुई काढून, तारेवरून नळी सरकवता येते. १९७२ साली अमेरिकेत रॉश, डॉटर आणि ब्राऊन यांनी अशाच नळीतून रुग्णाच्याच रक्ताची गुठळी सोडून पचनमार्गातला रक्तस्राव थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. १९७५ मध्ये जियानतुर्को यांची लोकरीचे धागे लावलेली पोलादी कॉईल, म्हणजे धमनी आतून बंद करणारं तारेचं वेटोळं, आली. पुढे प्लॅटिनमच्या कॉईल, धमनी चिकटवून बंद करणारा ग्लू आणि धमनी चालू ठेवायची असेल तिथे छिद्र आतून झाकणाऱ्या आवरणाचे स्टेंट, म्हणजे जाळीच्या नळ्या, आले. आजही कॉईल छिद्राच्या पलीकडे आणि अलीकडे अशाच बसवतात. अँटिलसचा नियम कायम आहे. मूत्रपिंडात मात्र फक्त गळणारी फांदी बंद करून बाकीचं वाचवतात.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला घाटीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून आहे. तरीही किनवट किंवा उमरग्याच्या रुग्णासाठी खरा प्रश्न अंतराचा आहे. हृदयाची कॅथलॅब जवळ असून भागत नाही. पोटातल्या धमन्यांवर हात बसलेला इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणांच्या चित्रावर बघत नळीतून उपचार करणारा डॉक्टर, लागतो. त्यात पहिला रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो, घरचे निर्धास्त होतात आणि रुग्ण गावीच राहतो. मला वाटतं, सगळ्यात मोलाचा वेळ तिथेच जातो. सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्या दाखवणारं सीटी स्कॅन, करायची ती रक्त थांबलेलं असतानाच, दुसऱ्यांदा सुरू होण्याआधी.