रेल्वेच्या मॉडेलांमधून उभा राहिलेला प्रोग्रामरांचा कंपू

विद्यार्थ्यांच्या कोडिंग क्लबांचा इतिहास मागे मागे नेत गेलं की बोट जाऊन थांबतं अमेरिकेतल्या एमआयटी या इन्स्टिट्यूटच्या टेक मॉडेल रेलरोड क्लबवर. १९४६ला सुरू झाला तेव्हा त्याचा प्रोग्रामिंगशी काही संबंधच नव्हता, पोरं जमायची छोट्या आगगाड्या चालवायला. काहीजण डबे रंगवायचे, डोंगर-झाडं उभारायचे आणि दुसरा गट, सिग्नल्स अँड पॉवर, कायम टेबलाखाली वायरिंगमध्ये घुसलेला. कुठली गाडी कुठल्या रुळावर, तिचा कंट्रोल कोणाकडे, हे सगळं टेलिफोन एक्स्चेंजचे रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारे स्विच, जोडून चालायचं, म्हणजे लॉजिकच की, फक्त तारांमध्ये लिहिलेलं! मला तर वाटतं खरी तयारी इथंच झाली.

१९५९ला एमआयटीतले प्राध्यापक जॉन मॅकार्थींनी फर्स्ट इयरच्या पोरांनाही घेता येईल असा प्रोग्रामिंगचा कोर्स सुरू केला. पण तिथला आयबीएम ७०४ कॉम्प्युटर म्हणजे कार्डं पंच करा, ऑपरेटरच्या हातात द्या आणि उत्तराची वाट बघत बसा, मशीनला हात लावायचा नाही. याच सुमारास एमआयटीच्याच लिंकन लॅबमधून टीएक्स-० नावाचं ट्रान्झिस्टरवालं कॉम्प्युटर मशीन कॅम्पसवर आलेलं होतं, आणि क्लबचेच जुने मेंबर जॅक डेनिस यांनी पोरांना तिथं नेलं. इथं स्वतः समोर बसायचं, कागदी टेप घालायची, स्क्रीनवर काय होतंय ते बघायचं, चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. रात्री मशीन मोकळं असायचं, मग काय, पोरं रात्र रात्र तिथंच. हुशार पोरं काय सगळीकडेच असतात हो, पण मशीन असं थेट हातात मिळालं म्हणून हा ग्रुप घडला असं माझं ठाम मत आहे.

१९६१ला डेक या कॉम्प्युटर कंपनीनं एमआयटीला आपलं पीडीपी-१ मशीन भेट दिलं आणि १९६२मध्ये त्यावर स्टीव्ह रसेलचा स्पेसवॉर हा अंतराळातल्या लढाईचा गेम चालायला लागला, पीटर सॅमसननं त्यात आकाशातले खरे तारे जागच्या जागी बसवले आणि ॲलन कोटोक आणि बॉब सॉंडर्सनी खेळायला वेगळे कंट्रोल बॉक्स बनवले, टेबलाखालच्या वायरिंगचा हात असा कामी आला! कोटोक पुढं डेकमध्येच गेला, पीडीपी-६च्या डिझाइनमध्ये होता आणि पीडीपी-१०चा तर चीफ आर्किटेक्टच झाला, आणि ही दोन्ही मशीनं एकाच वेळी बऱ्याच जणांना थेट वापरता यावीत अशीच बनवलेली होती.