क्रिप्टो विकून रिटर्न भरताना सीमाभागात कुठे अडतं

क्रिप्टो आपल्याकडे कायदेशीर चलन नाही, तरी विक्रीच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर आहे. बाकीचं उत्पन्न शून्य असलं तरीही. खानापूर-निपाणीकडची कॉलेजची पोरं ‘आपण करमुक्त मर्यादेच्या आत आहोत’ म्हणून रिटर्नच भरत नाहीत. पण एक्स्चेंजने (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपने) कापलेला 1 टक्का टीडीएस, म्हणजे विक्रीच्या रकमेतून आधीच कापलेला कर, पॅनवर दिसत असतो, आणि पुढे त्यावरूनच विचारणा होते.

40,000 ला घेतलेलं बिटकॉइन 50,000 ला विकलं, तर नफा 10,000 आणि कर 3,120. टीडीएसचे 500 गेलेत, म्हणजे अजून 2,620 भरायचे. त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात 8,000 बुडाले तरी ते वजा होत नाहीत, पुढच्या वर्षीही नेता येत नाहीत. लहान माणसाला हा नियम जाचकच आहे.

रिटर्नचा फॉर्म आयटीआर-2, धंदा असेल तर आयटीआर-3. आयटीआर-1 भरू नका, त्यात क्रिप्टोचा रकानाच नाही. फॉर्ममधल्या व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता, म्हणजे क्रिप्टो) तक्त्यात प्रत्येक विक्रीची खरेदी-तारीख, विक्री-तारीख, खरेदी किंमत आणि मिळालेली रक्कम लागते. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी ती विक्रीच. जुनी खरेदी-तारीख बहुतेकांकडे नसते, कारण एक्स्चेंज बंद पडलेलं असतं. म्हणून व्यवहारांची फाइल दरवर्षी मार्चअखेर उतरवून ठेवा. ती नसेल तर निदान रुपये ज्या खात्यातून गेले त्याचा बँक उतारा काढा.

आता नावाचं. आधारवर कन्नड आणि इंग्रजीत नुसतं नाव-आडनाव, पॅनवर मधे वडिलांचं नाव, शिवाय इंग्रजी स्पेलिंग वेगळं, असं आपल्याकडे घरोघरी आहे. मग आधार आणि पॅन जोडले जात नाहीत, आणि न जोडलेला पॅन निष्क्रिय होतो. पॅन निष्क्रिय असेल तर टीडीएस 1 ऐवजी 20 टक्के कापला जातो आणि रिफंडही अडतो. आधी एकीकडचं नाव दुरुस्त करा, मगच जोडणीचे 1,000 रुपये भरा.

आयटीआर-2 ची नेहमीची मुदत 31 जुलै. पण सबमिट केलं म्हणजे झालं नाही. 30 दिवसांत पडताळणी हवी, नाहीतर पडताळणीचा दिवस हीच भरल्याची तारीख धरतात, आणि तोवर मुदत उलटली असेल तर विलंब शुल्क लागतं. पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि कोल्हापूर-पुण्याला नोकरीला गेलेल्यांचं ते सिम कधीच बंद झालेलं असतं. नंबर जूनमध्येच बदलून घ्या. ते जमलं नाही, तर आयटीआर-व्ही (रिटर्नची पडताळणी-पावती) वर सही करून स्पीड पोस्टाने बेंगळुरूच्या सीपीसीला, म्हणजे आयकर खात्याच्या प्रक्रिया केंद्राला, पाठवा. 30 दिवसांत ती तिथे पोचायला हवी, नुसती पोस्टात टाकून भागत नाही.