एआयएसची जहाजं गायब: बिघाड रेडिओत की पोर्टात?

एआयएस म्हणजे जहाजांनी रेडिओवरून आपली ओळख आणि जागा सांगत राहण्याची यंत्रणा. ओपनसीपीएन या सागरी नकाशांच्या प्रोग्रॅममधल्या चार्टवर एकही जहाज नाही आणि कॉकपिटमधून नुसत्या डोळ्यांना तीन दिसताहेत. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी अँटेनाकडे जातो. केबल हलवायची, कनेक्टर पिळायचा, डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ, काढून परत लावायचा. पण जहाजं इतकी जवळ असताना चार्ट पूर्ण कोरा असेल, तर अँटेनावरचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) डोंगलवर चालणाऱ्या एआयएस रिसीव्हरमध्ये दोन निराळे बिघाड एकाच रूपात समोर येतात. पहिला रेडिओचा: हवेतला संदेश डीकोडर प्रोग्रॅमला उलगडतच नाही. दुसरा डेटाच्या वाटेचा: संदेश उलगडला, पण चार्ट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत गेलाच नाही. दोघांच्या मधली जागा म्हणजे डीकोडरमधून बाहेर पडणारी एनएमईएची, म्हणजे बोटीवरची उपकरणं आपसात वापरतात त्या मजकुराची, ओळ. आरटीएल-एआयएस किंवा एआयएस-कॅचर हे डीकोडर उलगडलेल्या संदेशाची ओळ तयार करतात: आधी उद्गारचिन्ह, मग एआयव्हीडीएम ही अक्षरं, मग स्वल्पविरामांनी तोडलेला मजकूर. या ओळी कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, पाहता येतात. त्या पडत असतील तर रेडिओला हात लावू नका. पडत नसतील तर ओपनसीपीएनची सेटिंग कितीही उलटीपालटी केली तरी काही हाती लागणार नाही. एवढंच की निकाल द्यायची घाई नको. चालतं मोठं जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा सांगतं, पण नांगरलेलं जहाज ३ मिनिटांतून एकदाच.

टर्मिनल उघडण्याआधीही चार्टवरून अंदाज बांधता येतो. रेडिओचा बिघाड बहुधा अर्धवट असतो. मोठ्या जहाजांवरचं क्लास ए उपकरण १२.५ वॅटने प्रक्षेपण करतं, लहान बोटींवरचं क्लास बी बहुतेकदा २ वॅटने. रिसीव्हर मंदावला की आधी लहान बोटी नाहीशा होतात, मग लांबची जहाजं, आणि शेजारून जाणारं मालवाहू जहाज शेवटपर्यंत दिसत राहतं. आणखी एक खूण नावांची. जहाजाचं नाव आणि प्रकार वेगळ्या संदेशात येतो, तोही क्लास एच्या बाबतीत ६ मिनिटांनी एकदा, आणि जागेच्या संदेशापेक्षा दुप्पट स्लॉट, म्हणजे प्रक्षेपणाच्या वेळेचे तुकडे, घेऊन. लांब संदेश कुठेतरी एका बिटाला खराब झाला की पूर्ण फुकट. म्हणून सिग्नल कमजोर असला की जहाज दिसतं, पण नावाच्या जागी नुसता एमएमएसआय, म्हणजे जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक. रिसीव्हर आत्ताच सुरू केला असेल तर हे स्वाभाविक आहे. अर्ध्या तासानंतरही तसंच असेल तर नाही. डेटाच्या वाटेचा बिघाड असं हातचं राखून काही करत नाही. सगळं येतं किंवा काहीच येत नाही.

रेडिओकडे सगळ्यात जास्त दगा देते ती वारंवारता. एआयएसचे दोन चॅनल १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आहेत. प्रोग्रॅम मधोमध १६२ वर ट्यून होऊन दोन्ही एकदम ऐकतो. स्वस्त डोंगलमधला क्रिस्टल मात्र दशलक्षात काही दहा भागांनी (भाग प्रति दशलक्ष म्हणजे पीपीएम) चुकलेला असू शकतो. या पट्ट्यात एका पीपीएमची चूक म्हणजे १६२ हर्ट्झ, तर ५० पीपीएमची म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वर. चॅनलची रुंदीच २५ किलोहर्ट्झ, त्यामुळे एवढी घसरण डीकोडरला झेपत नाही. त्यातून डोंगल तापला की चूक बदलते. सुरू केल्यावर छान चाललं आणि पुढे जहाजं कमी होत गेली, तर लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. कारण बऱ्याचदा ही उष्णता असते. डोंगल पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून मगच पीपीएमची दुरुस्ती मोजावी. तापमानामुळे होणारी चूक भरून काढणारा टीसीएक्सओ क्रिस्टल असलेला डोंगल घेतला तर ही कटकट जवळजवळ संपते.

गेनचं, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा याचं, प्रकरण उलट्या चालीचं आहे. कमी ऐकू येतंय म्हणून गेन वाढवला जातो आणि ऐकू येणं आणखी कमी होतं, कारण जवळच्या एफएम केंद्राने किंवा एखाद्या जोरदार प्रक्षेपणाने डोंगलचा सिग्नल घेणारा पुढचा भाग आधीच तुंबलेला असतो. गेन पायरीपायरीने खाली आणत मिनिटाला किती ओळी पडतात ते पाहावं. एलईडी दिवे आणि व्होल्टेज कन्व्हर्टर यांचा गोंगाटही असाच शोधायचा: एकेक बंद करून ओळी मोजायच्या. आणि बोटीच्या २५ वॅटच्या व्हीएचएफ सेटची अँटेना साध्या टी-जोडाने डोंगलला कधीच जोडू नये. पहिल्याच प्रक्षेपणात डोंगल जळू शकतो. त्यासाठी एकच अँटेना दोघांना वाटून देणारा एआयएसचा स्प्लिटरच हवा.

डेटाच्या वाटेवर चुका कमी प्रकारच्या, पण जास्त चिडवणाऱ्या. आरटीएल-एआयएस मुळात यूडीपीने १०११० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कमधल्या क्रमांकाच्या दारावर, ओळी पाठवतो. बोटीवरचा डेटा वाटणारा सिग्नल के सर्व्हर एनएमईए वाटतो तोही १०११० वरूनच, पण टीसीपी या डेटा पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीने. आकडा एकच, दारं दोन. ओपनसीपीएनमध्ये जोडणी करताना चुकीचा प्रकार निवडला की आकडा बरोबर असूनही चार्ट कोरा. यूडीपीचं तेच पोर्ट एकाच कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम ऐकत असतील, तर अनेकदा ओळी एकालाच मिळतात आणि दुसरा मुकाट बसतो. पत्ता १२७.०.०.१ ठेवला असेल तर ओळी त्या कॉम्प्युटरच्या बाहेर पडतच नाहीत. केबिनमधल्या टॅब्लेटवर जहाजं यायची असतील तर तो बदलावाच लागतो.

दोन अपवाद मात्र या वाटणीला चकवतात. लिनक्समध्ये कर्नल डोंगलला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःचा ड्रायव्हर लावू शकतं, आणि मग डीकोडरला डोंगल उघडताच येत नाही. हा बिघाड डोंगलकडचा, पण लक्षण पूर्ण शून्याचं. उपाय म्हणजे तो टीव्हीचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करणं, म्हणजे कर्नलला तो लावू न देणं. दुसरा अपवाद याच्या उलट आहे. डीकोडर बंद पडला तरी जहाजं चार्टवरून लगेच जात नाहीत, ओपनसीपीएन ती ठरवलेली मिनिटं राखून ठेवतो. डीकोडर चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला वीज कमी पडली, यूएसबी क्षणभर सुटलं आणि डीकोडर थांबला, तरी पडद्यावर सगळं आलबेल दिसू शकतं. म्हणून डीकोडर आपोआप परत उठणारी सर्व्हिस करून चालवावा, आणि जहाजावर क्लिक केल्यावर शेवटचा संदेश किती वेळापूर्वी आला तो आकडा आधी वाचावा, जागा नंतर.