यूएसबी ३.० साठवण-साधनांमुळे होणारा वाय-फाय व्यत्यय

घरगुती राउटरच्या यूएसबी ३.० पोर्टला हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडल्यावर त्याच राउटरचे २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील वाय-फाय मंदावणे किंवा वारंवार तुटणे. बिनतारी माउस, ब्लूटूथ व झिग्बी (घरातील स्मार्ट उपकरणे जोडणारे बिनतारी तंत्र) ही याच पट्ट्यातील साधनेही याच कारणाने अडखळतात.

यूएसबी ३.० चे विनिर्देश (तांत्रिक नियम) नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झाले. व्यत्ययाचे सर्वपरिचित मापन मात्र चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या एप्रिल २०१२ मधील श्वेतपत्रिकेत आढळते. चालू हार्ड डिस्क जवळ असता या पट्ट्यातील गोंगाटाची, म्हणजे नकोशा रेडिओ लहरींची, पातळी सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबात जवळपास शंभरपट, वाढल्याचे त्यात दाखवले आहे.

गोंगाट नेमका कोठून बाहेर पडतो, याविषयी एकवाक्यता नाही. सर्वसाधारण समज स्वस्त केबलला दोष देतो. श्वेतपत्रिकेत मात्र राउटरसारख्या यजमान यंत्राकडील जोडणी, डिस्ककडील जोडणी आणि केबल अशी तिन्ही उगमस्थाने धरली आहेत; हेच मत अधिक ग्राह्य वाटते, कारण उत्तम केबल वापरूनही पोर्टचे आवरण अपुरे असल्यास त्रास उरतो. मूळ कारण यूएसबीच्या संदेशातच (सिग्नलमध्येच) आहे. ५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने जाणारे बिट मुद्दाम विस्कळीत क्रमात पाठवले जातात, त्यामुळे त्यांची ऊर्जा शून्यापासून ५ गिगाहर्ट्‌झपर्यंत पसरते. संदेशाची मूलभूत कंप्रता (फ्रिक्वेन्सी) २.५ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे वाय-फायच्या पट्ट्याला अगदी खेटून. म्हणून हा गोंगाट गाळणी लावून काढता येत नाही. काढू गेल्यास संदेशच बिघडतो. फाइलची नक्कल चालू नसतानाही, जोडणी जागी असेपर्यंत, रिकामी चिन्हे याच वेगाने वाहत राहतात.

मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा दिसतात आणि तरी पान उघडत नाही, हे या व्यत्ययाचे फसवे लक्षण होय. रेघा राउटरकडून येणाऱ्या संदेशाची ताकद दाखवतात. बहिरा झालेला असतो तो राउटर. दूरच्या खोलीतून येणारा मोबाइलचा क्षीण संदेश शेजारच्या डिस्कच्या गोंगाटात बुडतो.

डिस्क केबलने अँटेनापासून लांब ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. ५ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय या त्रासातून बव्हंशी सुटते, कारण गोंगाटाची ऊर्जा ५ गिगाहर्ट्‌झपाशी जवळपास शून्यावर येते. अनेक राउटरांच्या सेटिंगमध्ये पोर्ट यूएसबी २.० वर उतरवण्याची सोय असते. वेग ४८० मेगाबिटांवर येतो, पण घरात चित्रपट पाहण्यास तो पुरेसा आहे. बॅकअप घेणाऱ्यालाच तो जाचतो.

यूएसबीच्या पुढच्या, १० गिगाबिट वेगाच्या, पिढीत मूलभूत कंप्रता ५ गिगाहर्ट्‌झवर जाते, त्यामुळे तत्त्वतः वरचा पट्टाही निर्धोक राहत नाही.