रायफल-सफाईचे साहित्य

रायफल-सफाईचे साहित्य : गोळीबारानंतर रायफलीच्या नळीत, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) व बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) साचणारा मळ काढण्यासाठी आणि पोलाद गंजू नये म्हणून वापरायची साधने व रसायने. सफाईचा गज (रॉड) किंवा पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), ब्रश, कापडाची चिंदी, विद्रावक आणि तेल ही त्यांतील मुख्य होत. नव्या रायफलीसोबत यांपैकी काय घ्यावे, हे रायफलीच्या बनावटीपेक्षा तीत वापरायच्या काडतुसांवर अधिक अवलंबून असते. मळ काडतुसाचा असतो. रायफल तो फक्त साठवते.

गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील सर्पिल खाचांचा उगमही काही अभ्यासक मळाशीच जोडतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या गास्पार कोल्नरने किंवा 1520 च्या सुमारास न्युरेंबर्गच्या ऑगस्ट कोटरने खाचांची नळी प्रथम केली, असे जुन्या संदर्भग्रंथांत आढळते. दोन्ही श्रेये पारंपरिक आहेत, कागदोपत्री भक्कम नाहीत. पहिल्या खाचा सरळ असाव्यात व जळक्या (बंदुकीच्या) दारूचा मळ त्यांत बसून गोळी ठासणे सोपे जावे एवढाच त्यांचा हेतू असावा, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार पिसे तिरपी लावलेला बाण फिरत जातो, या जुन्या अनुभवातून सर्पिल खाचा थेट सुचल्या. सरळ खाचांच्या जुन्या नळ्या उपलब्ध असल्या तरी त्या सर्पिल खाचांच्या आधीच्या आहेत असे सिद्ध होत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. फिरणारी गोळी सरळ का जाते याचे शास्त्रीय विवेचन बेंजामिन रॉबिन्सने केले, ते 1740 च्या दशकात.

काळ्या, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या, दारूचा मळ विपुल असतो. नोबल व एबल या ब्रिटिश संशोधकांनी 1875 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार जळलेल्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. त्यात पोटॅशियमची कार्बोनेट, सल्फेट व सल्फाइड लवणे असतात आणि ती पाण्यात विरघळतात. म्हणून ठासणीच्या बंदुकीला गरम पाणी, गजाला गुंडाळलेले फडके आणि शेवटी तेलाचा हात एवढे पुरते. तोंडाकडून गोळी भरायच्या रायफलीत मात्र दर फैरीगणिक ठासणे जड होत जाई. गोळीभोवतीच्या कागदाला चरबी लावण्यामागे हा मळ मऊ ठेवण्याचाही हेतू होता. 1853 च्या नमुन्याच्या .577 (नळीचा आतील व्यास, इंचांत) एनफील्ड रायफलीची चरबीयुक्त काडतुसे 1857 मध्ये भारतात स्फोटक ठरली. त्यांत नेमकी कोणाची चरबी होती यावर इतिहासकारांत एकमत नाही. त्याऐवजी मेण व तेल वापरू द्यावे, ही सूचना दमदम येथील शिपायांकडूनच आली होती.

गंजाचा वाद : फ्रान्समध्ये रसायनज्ञ व्येइने 1884 मध्ये केलेली धूरहीन दारू सर्वत्र रूढ झाल्यावर नळी कमी गंजावी अशी अपेक्षा होती. घडले उलटे. सायंकाळी पुसून लख्ख केलेली नळी दोन-तीन दिवसांनी तांबूस दिसे. या नव्या (नायट्रो) दारूची आम्ले पोलादाच्या छिद्रांत शिरतात व नंतर 'पाझरतात', असे स्पष्टीकरण अनेक दशके दिले गेले आणि आम्ल मारणारी अल्कली द्रावणे खपली. फिलाडेल्फियाच्या फ्रँक हॉपेचे 'नंबर 9' विद्रावक (1903) आणि जर्मनीतील 'बॅलिस्टॉल' तेल (1904 च्या सुमारास) याच काळातील. अमेरिकी खाणकाम विभागासाठी विल्बर्ट हफने केलेल्या अभ्यासाने (1922) दोष दारूकडून प्रायमरकडे (काडतुसाच्या तळाशी असणाऱ्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीकडे) सरकवला. प्रायमरमधील पोटॅशियम क्लोरेट जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते. हे मिठाचे भावंड तेलात विरघळत नाही. तेलाच्या पापुद्र्याखालीही ओल खेचते व पोलाद खाते. पूर्वी काळ्या दारूचा भरपूर मळ हे लवण पातळ करून टाकी. धूरहीन दारूत ते जवळजवळ एकटेच उरले. हफचे निष्कर्ष आज सर्वमान्य आहेत.

ब्रिटिश सैन्यात तोपर्यंत व्यवहार शास्त्राच्या पुढे गेला होता: नरसाळ्याने चेंबरकडून उकळते पाणी ओतायचे, नळी कोरडी करायची, मग तेल द्यायचे. नुसते तेल तिथे निरुपयोगीच ठरले असते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 84 टक्क्यांच्या वर गेली की पोटॅशियम क्लोराइड पाणी ओढून स्वतःच द्रवरूप होते. कोकणातील आषाढ-श्रावणात ही मर्यादा सहज ओलांडली जाते, तेव्हा तिथे जुन्या लष्करी साठ्यातील काडतुसे वापरणाऱ्याने पाण्याला पर्याय शोधू नये. क्लोरेटविरहित प्रायमर 1920 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. अमेरिकी लष्कराने मात्र बहुतांश.30-06 काडतुसांत जुने प्रायमर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालू ठेवले.

तांब्याचा थर हा वेगळा मळ आहे. गोळीवरचे तांबेमिश्रित आवरण खाचांच्या कडांवर घासून चिकटते आणि नेम बिघडवते. ते काढायला अमोनियायुक्त विद्रावक लागतो. चिंदी निळी-हिरवी निघाली की तांबे उतरत आहे असे समजतात. परंतु कांस्याचा ब्रश आणि पितळी टोकही तोच रंग देतात, त्यामुळे नायलॉनचा ब्रश असल्याखेरीज या खुणेवर विसंबू नये. अमोनिया नळीत रात्रभर ठेवणे टाळावे.

गज की पुलथ्रू : ली-एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात, पितळी झाकणामागे, तेलाची कुपी व पुलथ्रू ठेवलेला असे. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी. तिला तीन फासे असत. वजनाजवळचा तारेच्या जाळीसाठी, मधला चिंदीसाठी आणि तिसरा दोरी नळीत अडकलीच तर ती ओढून काढण्यासाठी. फ्लॅनेलच्या चिंदीचे मापही ठरलेले होते: पुसायला 4 × 2 इंच, तेल द्यायला 4 × 1½ इंच. तेलाची चिंदी अरुंद असल्याने नळीत सैल जाते व तेल निपटून न काढता मागे ठेवते. भारतीय सैन्य, पोलीस व एनसीसी यांत पुलथ्रू आणि चिंदी हीच जोडी रुळली. दोरी तिरपी ओढल्यास नळीच्या तोंडाची कडा एका बाजूने झिजते, जुन्या.303 मध्ये अशी झीज पुष्कळदा आढळते. नेमबाजीसाठी म्हणून एकसंध, प्लॅस्टिकचे आवरण असलेला गज, तोही चेंबरकडून, नळीत गजाला मध्यावर ठेवणाऱ्या मार्गदर्शक नळीतून घालणे बरे. पेचाचे तीन-चार तुकडे जोडून होणारा गज प्रवासाला सोयीचा असला तरी त्याचे सांधे नळीला घासतात.

साहित्याविना दिलेली नवी रायफल : व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांना 1965 नंतर मिळालेली एम-16 रायफल फार सफाई मागत नाही असा समज पसरला होता आणि अनेक तुकड्यांना सफाईचे संच व गज पुरेसे मिळालेच नाहीत. रिकामी पुंगळी चेंबरमध्ये अडकून रायफली बंद पडू लागल्या. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने मुख्य ठपका दारूतील बदलावर ठेवला: मूळ कांडीच्या आकाराच्या दारूऐवजी गोल कणांची दारू आली होती, तिने मळ वाढवला व गोळीबाराची गती चढवली. क्रोमचा मुलामा नसलेले चेंबर हे तिसरे कारण. या तिघांत एकच कारण निवडण्याचा लेखकांचा कल दिसतो, पण दुरुस्ती तिन्ही अंगांनी झाली. चेंबरला क्रोम चढले, दारूची रासायनिक घडण बदलली, आणि पुढे सफाईचा संच ठेवायला दस्त्यातच कप्पा आला. सफाई, वंगण व संरक्षण ही तिन्ही कामे करणारी एकच द्रवरूप तेले 1970 च्या दशकापासून लष्करी वापरात आली. ती सोयीची आहेत. तांब्यावर मात्र त्यांचा प्रभाव जेमतेम असतो.

नव्या रायफलीला कारखान्यातून निघताना गंजरोधक ग्रीस लावलेले असते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून पहिल्या फैरीआधी नळी व चेंबर विद्रावकाने धुऊन कोरडे करावे. ब्रश व चिंदी धरणारे टोक कॅलिबरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) मापाचेच हवे. घरातील खोबरेल वा इतर खाद्यतेल वापरू नये. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसखाली थिजते, तर इतर खाद्यतेले हवेने चिकट होत जातात. शिलाई मशीनचे तेल तात्पुरते चालते. परवानाधारकाची .315 सारखी शिकारी रायफल वर्षाकाठी क्वचितच झाडली जाते, त्यामुळे तिला मळापेक्षा कपाटातील ओल अधिक बाधते. चामडी आवरणात ती कायमची ठेवू नये.

क्रीडा-नेमबाजीत गरजा वेगळ्या. .22 च्या गोळीवर मेणाचा लेप असतो, म्हणून तिथे शिसे, मेण व चेंबरच्या पुढच्या कडेचे कार्बनचे कडे काढायचे असते. किती फैरींनी काढावे याबद्दल नेमबाजांत मतभेद आहेत. 10 मीटर एअर रायफलीत दारूच नसल्याने नळीतून फेल्टच्या कोरड्या गोळ्या झाडणे बहुधा पुरते. तेल लावून ठेवलेली कोणतीही नळी गोळीबाराआधी कोरड्या चिंदीने पुसतात. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी बाकीच्यांपासून वेगळी पडते.