सेंट थॉमस : कंपनीच्या चर्चपासून सीएनआयच्या कॅथेड्रलपर्यंत

फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल हे मुंबईतले पहिले अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, चर्च आणि चर्चगेटचे नाव त्याच्यावरूनच पडले, हे बहुतेकांना ठाऊक असते. या वास्तूविषयी मराठीत आणि इंग्रजीतही बरेच लिहिले गेले आहे. पण त्या लेखनात अठराव्या शतकाला पानेच्या पाने मिळतात आणि ज्या घटनांमुळे हे चर्च इंग्रजांचे राहिले नाही, त्या १९३० ते १९७० या काळाची एका ओळीत बोळवण होते. प्रस्तुत टिपणाचा भर त्या काळावर आहे.

तरी आरंभीचा एक धागा सोडता येत नाही. १६७६च्या सुमारास तत्कालीन गव्हर्नरने या चर्चचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी त्याचे निधन झाल्यावर काम थांबले. सुमारे पंधरा फूट उंचीपर्यंत आलेल्या भिंती त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उघड्या उभ्या राहिल्या. १७१४ साली मुंबईत आलेल्या एका तरुण पाद्रीने वर्गणीची मोहीम उभारली, ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना गाठले, आणि २५ डिसेंबर १७१८ रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, चर्च उपासनेसाठी खुले झाले. इमारत वर्गणीतून उभी राहिली असली, तरी पाद्री कंपनीचा पगारी नोकर होता आणि आसनेसुद्धा हुद्द्याप्रमाणे वाटलेली होती. इंग्लंडमधल्या पॅरिश चर्चला, म्हणजे गावच्या चर्चला, गावातल्या लोकांचा, त्यांच्या जमिनींचा आणि देणग्यांचा जो आधार असे, तो येथे कधीच नव्हता. येथे आधार होता तो सत्तेचा. पुढचा सगळा पेच या एका गोष्टीतून निर्माण झाला.

१८३७ साली मुंबईचा धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश) कलकत्त्यापासून वेगळा झाला आणि चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. त्यानंतर लवकरच मनोरा उंचावून त्यावर घड्याळ बसवण्यात आले. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा संपूर्ण चर्च नव्याने बांधण्याचा बेत झाला. मात्र पूर्वेकडचा वेदीचा भाग उभा राहतो न राहतो तोच १८६५ची मंदी आली आणि उरलेला बेत कागदावरच राहिला. त्यामुळे आजही साध्या, जाड भिंतींचे जुने सभागृह आणि त्याला जोडलेला गॉथिक शैलीचा पूर्वभाग यांतला फरक आत शिरताच जाणवतो. समोरचे नक्षीदार कारंजे एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभे राहिले. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवरील मैलाच्या दगडांवर अंतर मोजले जात असे तेही याच चर्चपासून. असे काही दगड मुंबईत अजून आढळतात.

आतल्या स्मारकांवरून त्या काळच्या राजवटीचे मन वाचता येते. १८११ साली मुंबईत मरण पावलेल्या गव्हर्नरच्या संगमरवरी स्मारकावर बनारस आणि काठियावाड येथील बालहत्येची प्रथा बंद केल्याचा उल्लेख कोरलेला आहे आणि शेजारी वडाचे झाड दाखवले आहे. एका प्रशासकीय सुधारणेची अशी नोंद उपासनेच्या जागी होते, यावरून चर्च आणि सरकार यांच्यातले अंतर किती कमी होते हे दिसते. मुंबईचा बिशप इंग्लंडच्या राजाच्या सनदेने नेमला जाई आणि कॅथेड्रलच्या पाद्रीचे वेतन सरकारी तिजोरीतून येई.

ही गाठ सुटली ती एकदम नव्हे. ब्रिटिश पार्लमेंटने १९२७ साली केलेल्या कायद्यानुसार १ मार्च १९३० पासून भारतातील अँग्लिकन चर्च हे इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे आणि स्वायत्त झाले. बिशप निवडण्याचा अधिकार येथील धर्मप्रांतांकडे आला. परंतु सरकारी पाद्र्यांचे खाते चालूच राहिले आणि ते बंद व्हायला स्वातंत्र्यानंतरचे १९४८ साल उजाडावे लागले. तेव्हापासून मोठ्या, जुन्या, सतत दुरुस्ती मागणाऱ्या वास्तूंचा भार त्या त्या चर्चच्या मंडळींवर (सभासदांवर) येऊन पडला. १९४७ची राजकीय घटना सर्वांच्या लक्षात राहते. सेंट थॉमससारख्या चर्चच्या दृष्टीने १९३० आणि १९४८ ही वर्षे अधिक निर्णायक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. बिशपपदावर मात्र स्वातंत्र्यानंतरही इंग्रज व्यक्तीच राहिल्या. त्यांतील एक पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमातून आलेले होते, हेही नमूद केले पाहिजे.

यानंतरचा सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे ऐक्याचा. उत्तर भारतातील प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र आणण्याच्या वाटाघाटी १९२९ साली लखनौ येथे सुरू झाल्या आणि चाळीस वर्षे चालल्या. त्या इतक्या लांबण्याचे मुख्य कारण पैसा किंवा मालमत्ता नव्हते, तर पाळकपदाची (पाद्री होण्याची) दीक्षा होती. अँग्लिकन परंपरेत बिशपने डोक्यावर हात ठेवून दिलेली दीक्षाच ग्राह्य धरली जाते, कारण ती येशूच्या पहिल्या शिष्यांपासून, म्हणजे प्रेषितांपासून, अखंड चालत आल्याचे मानले जाते. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांचे पाळक अशा बिशपांविनाच दीक्षित झालेले होते. त्यांना पुन्हा दीक्षा घ्या असे सांगणे म्हणजे त्यांची आजवरची सेवा अपुरी ठरवणे होते. आणि न सांगणे म्हणजे अँग्लिकनांनी आपला मूळ सिद्धांत सोडणे होते.

दक्षिणेत १९४७ साली ऐक्य झाले तेव्हा जुन्या पाळकांना आहेत तसे स्वीकारले गेले, आणि त्यामुळे इंग्लंडमधल्या अनेक अँग्लिकनांनी त्या चर्चशी पूर्ण सहभागिता (परस्परांच्या पाळकांना आणि उपासनेला मान्यता) ठेवण्यास दीर्घकाळ नकार दिला. उत्तरेतल्या योजनाकारांनी ही ठेच लक्षात घेऊन वेगळी वाट शोधली. ऐक्याच्या सोहळ्यातच सर्व पक्षांच्या पाळकांनी आणि बिशपांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, ज्याच्या सेवेत जे उणे असेल ते देवाने पुरे करावे असे मागायचे, आणि ही पुनर्दीक्षा आहे की नाही याचा निवाडा देवावर सोपवायचा, असे ठरले. कडव्या अँग्लिकनांना हा विधी संदिग्ध वाटला. बॅप्टिस्टांपैकी काहींना ती मागच्या दाराने आणलेली पुनर्दीक्षा वाटली. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. तरीही कोणालाही कमी न लेखता सर्वांना एका पंगतीला बसवणारी दुसरी वाट त्या काळी कोणी दाखवली नव्हती, आणि म्हणून हा निर्णय धाडसाचा होता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेसच्या विलीनीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) स्थापन झाले. मेथडिस्टांची एक मोठी शाखा अखेरच्या काही महिन्यांत बाहेर पडली. ती उणीव आजही जाणवते. मराठी ख्रिस्ती समाजावर या घटनेचा परिणाम फार खोल झाला. ज्या पंचहौद मिशनमधल्या १८९०च्या चहापानावरून पुण्यात ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे राहिले ते मिशन अँग्लिकन होते, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत होते ती काँग्रिगेशनल परंपरेची होती. या दोन्ही प्रवाहांची मंडळी आता एकाच चर्चची सभासद झाली. मुंबईच्या गव्हर्नरांचे कॅथेड्रल आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यातले छोटे देवालय एका नियमावलीखाली आले.

म्हणूनच सेंट थॉमसला ‘पूर्वाश्रमीचे अँग्लिकन चर्च’ म्हणताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. १९७० साली जुनी अँग्लिकन संघटना या ऐक्यात विलीन झाली हे खरे आहे. पण नव्या चर्चला पुढे जागतिक अँग्लिकन सहभागितेत, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चेसच्या संघात, पूर्ण सदस्यत्व मिळाले, आणि त्याच वेळी ते रिफॉर्म्ड आणि मेथडिस्ट परंपरांच्या जागतिक संघटनांचेही सदस्य आहे. २००४ साली या वास्तूच्या जतनकार्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सीएनआयच्या मुंबई धर्मप्रांताचे कॅथेड्रल म्हणून तीन दशकांहून अधिक काळ नांदत होती.