सागाचा पाचोळा, सरकी आणि शेण : विदर्भातील अन्नद्रव्यचक्राची पार्श्वभूमी

विदर्भातील पानझडी जंगलात सागाचे पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांचा बराचसा भाग परत ओढून घेते आणि उरलेला पानासोबत जमिनीवर येतो. उन्हाळाभर या पाचोळ्याला वाळवीखेरीज फारसे कोणी हात लावत नाही. मृगाचा पाऊस पडला की बुरशी व जिवाणू कामाला लागतात आणि मोकळी झालेली अन्नद्रव्ये झाडांची बारीक मुळे लगेच उचलून घेतात. पळसासारखी शेंगावर्गीय झाडे हवेतल्या नत्राची भर घालतात. स्फुरदासाठी मात्र खडकाची संथ झीज आणि जुन्या साठ्याचा फेरवापर यांवरच मुख्यतः भिस्त असते.

हे चक्र झाडांमुळेच बंदिस्त राहते, याचा ठोस पुरावा अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात मिळाला. तेथे 1965-66 च्या हिवाळ्यात एका संपूर्ण पाणलोटातील झाडे तोडून जागेवरच ठेवण्यात आली आणि नवी वाढ रोखण्यात आली, तेव्हा ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेट (पाण्यात विरघळणारे नत्राचे रूप) अनेक पटींनी वाढले.

विदर्भातील गावे या चक्राच्या कडेला राहून त्यातून वाटा घेत आली. गायकी, म्हणजे गुराखी, सकाळी आखरावरून (गावची गुरे जमवण्याच्या जागेवरून) गुरे जंगलात नेई, दिवसभर चरलेला चारा रात्री गोठ्यात शेण होऊन पडे आणि उन्हाळ्यात उकिरड्यावरून बंडीने (बैलगाडीने) वावरात जाई. म्हणजे शेताची सुपीकता काही अंशी जंगलाच्या खर्चाने टिकत होती. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हे सहसा विसरले जाते.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाचे भाव चढले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाखालचे क्षेत्र वाढत गेले. पुढे 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलातील चराईवर बंधने आणली. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असल्याने परदेशी गेलेल्या गाठींतून जमिनीचे नत्र फारसे गेले नाही. ते सरकीत, म्हणजे कापसाच्या बीत, असते. सरकी आणि ढेप (तेल काढल्यावर उरणारा चोथा) गावच्याच जनावरांच्या पोटात जाईपर्यंत ते शेणावाटे परतत होते, पण सरकी जिनिंगमधून (कापसापासून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून) थेट तेलगिरणीकडे जाऊ लागली, तसा हा परतीचा मार्ग अरुंद झाला. त्यातच सरपण महागले की गोवऱ्या चुलीत जातात. भारतीय शेतीवरील 1893 च्या अहवालात ब्रिटिश कृषिरसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी शेण जमिनीसाठी वाचावे म्हणून सरपणाची राखीव वने उभारण्याची शिफारस केली होती.

ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून इंदूरला, वऱ्हाडासारख्याच काळ्या कापसाच्या जमिनीत, कंपोस्टची पद्धत बसवली. कठीण पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) लवकर कुजावी म्हणून ती रस्त्यावर पसरून बंड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतली जाई. विदर्भात मात्र आजही बरीच पऱ्हाटी सरपणात जाते किंवा धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पेटवली जाते.

जंगलातही आग लागतेच. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत जुनी आहे. त्यात नत्र हवेत उडून जाते, आणि राखेत उरलेले पालाश (पोटॅशियम) व चुना उतारावर असले तर पहिल्या जोरदार सरीबरोबर नाल्याला लागतात.